संप कुणाचा होता ते तर बघा
कुणीतरी लिहिलंय की पोस्टातल्या युनियनवाल्यांना पगार गलेलठ्ठ तरी संप करतात आणि आपली आरडी (दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायचं बचत खातं) लटकते. अर्धं पटतं. आरडी लटकते हे खरंच, पण पगाराचं म्हणाल तर खेड्यातल्या ब्रांच पोस्टात बसणारा माणूस ग्रामीण डाक सेवक असतो, त्याला रेग्युलर सरकारी नोकर धरतच नाहीत, रोजचे चार-पाच तास धरून भत्ता मिळतो. २०१८ ला २२ मे पासून जो संप झाला तो त्यांचाच, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात केंद्रानं मंजुरी दिली तेव्हा कुठं चार तासवाल्या ब्रांच पोस्टमास्तरचा किमान भत्ता महिन्याला १२,००० झाला. यात गलेलठ्ठ काय ते सांगा.

आमचं गाव माण तालुक्यातलं, तेव्हा आईची हजाराची आरडी होती, खातं महिन्याच्या २० तारखेनंतर उघडलेलं त्यामुळं हप्त्याची मुदत महिनाअखेर, आणि पोस्टाला कुलूप. दंड शंभराला एक रुपया म्हणजे सगळा मिळून १० रुपये, पण आई ऐकतीय होय, भर उन्हात यष्टीनं दहिवडीला जाऊन तिथल्या पोस्टात भरून आली, कारण तिथले क्लार्क संपात नव्हते. तिकिटालाच दंडापेक्षा जास्त गेले! आणि व्याज कमी झालं म्हणून काउंटरवरच्या माणसाशी भांडणाऱ्यांनो, ते दर तीन महिन्याला अर्थ मंत्रालय ठरवतं, त्या बिचाऱ्याच्या हातात फक्त शिक्का.