प्रोटीनच्या डब्यावरचा आकडा

"एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर आहे ना, मग माल चांगलाच" असं प्रोटीन पावडरच्या डब्यांबद्दल कुणीतरी लिहिलंय, त्याला थोडी पुरवणी. तो १४ आकडी नंबर म्हणजे कंपनीकडे परवाना आहे, इतकंच. तुमच्या हातातला डबा कुणी तपासलाय असा त्याचा अर्थ नाही.

व्हे प्रोटीनमध्ये (दुधाच्या निवळीपासून काढलेल्या प्रोटीनमध्ये) खरी मेख मोजणीतच आहे. नेहमीच्या केल्डाल पद्धतीत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने (दुधाच्या पदार्थांसाठी ६.३८ ने) गुणतात. आता ग्लायसिन घ्या, स्वस्तातलं अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचा एक सुटा घटक. त्यात नायट्रोजन १८.७ टक्के. म्हणजे १०० ग्रॅम ग्लायसिन कागदावर जवळपास ११७ ग्रॅम प्रोटीन ठरतं! २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन (भरपूर नायट्रोजन असलेलं औद्योगिक रसायन) मिसळलं गेलं, ते याच पळवाटेने.

त्यामुळे घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन (असंच नायट्रोजन असलेलं आम्ल) वेगळं लिहिलेलं दिसलं की मी तो डबा जागेवर ठेवून देतो. अर्थात, लबाडी करणारा यादीत लिहीलच असं नाही. म्हणून लॅब रिपोर्ट मागा, त्यावरचा बॅच नंबर डब्याशी जुळवा आणि ल्युसिन (व्हेमध्ये मुळातच भरपूर असणारं अमिनो आम्ल) बघा. २५ ग्रॅम व्हे प्रोटीनमागे ते साधारण अडीच ग्रॅम यायला हवं.

गोळ्यांचंही तेच. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम असतं फक्त ५००. आणि १००० मिलिग्रॅमच्या साध्या फिश ऑइल कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए (म्हणजे कामाचं ओमेगा-३) मिळून बऱ्याचदा ३००च निघतं. मोठ्या अक्षरातलं सोडा, मागचं बारीक वाचा.