चालू सर्व्हरवर पोस्टग्रेस १३ च्या शेजारी १८ बेटा बसवावं का?

काटेवाला (धागा सुरू करणारा, जून २०२५)

राम राम मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं काट्याचं आणि ऊस नोंदीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सर्व्हर एकच. उबुंटू, १६ जीबी रॅम, वर पोस्टग्रेस १३, म्हणजे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर. या १३ ला येत्या १३ नोव्हेंबर २०२५ नंतर दुरुस्त्या मिळणार नाहीत, म्हणजे गव्हाणीत मोळी टाकून (गाळप सुरू होऊन) जेमतेम पंधरा दिवस झालेले असतील. तेव्हा सर्व्हरला हात लावला तर चिटबॉयपासून एमडीपर्यंत सगळे माझ्या मागे लागतील.

१८ चा बेटा १ (फायनलच्या आधीची पहिली चाचणी आवृत्ती) मागच्या महिन्यात, ८ मेला आला. फायनल नेहमीप्रमाणे सप्टेंबरच्या शेवटाला येईल असं धरतो. आपलं गाळप बंद, काट्यावर कुत्रं नाही. मग जून ते सप्टेंबर १३ च्या शेजारीच १८ बेटा बसवून खऱ्या डेटाच्या कॉपीवर तपासत राहावं आणि फायनल आलं की दसऱ्याच्या आत उडी मारावी, असा माझा विचार आहे. डेबियन-उबुंटूवर हे अवघड नाही. दोघांच्या डेटाच्या डिरेक्टऱ्या वेगळ्या, कॉन्फिग (सेटिंगची फाईल) वेगळी, जुन्याचा पोर्ट (ज्या नंबरवर बाकीची सॉफ्टवेअरं जोडली जातात तो) ५४३२ आणि नव्याला आपोआप ५४३३. एका गोठ्यात दोन बैल, पण दावणी वेगळ्या. जुन्याला धक्का लागतो कुठं?

आमचा पार्टनर म्हणतो, "काय करूलालाव हे, बेटा कुणी सर्व्हरवर बसवतंय का?" म्हणून इथं विचारतोय.

गोदाकाठ

बसवू नका. १८ वाईट आहे म्हणून नाही, तुम्ही माणूस आहात म्हणून.

आमच्या भागातल्या एका कारखान्यात २०२१ च्या उन्हाळ्यात हेच झालं. ११ च्या शेजारी १४ चा बेटा. सगळं छान चाललं, फायनल ३० सप्टेंबरला आलं, पण हंगामाच्या गडबडीत बेटा काढायचा राहून गेला. नोव्हेंबरात एकानं पुन्हा ताजा डंप (डेटाची काढलेली प्रत) त्यात टाकला आणि सेटिंग सारखी असावी म्हणून जुन्याच्या कॉन्फिगमधल्या ओळी नव्यात चिकटवल्या. त्यात पोर्टची ओळही गेली. रिस्टार्ट केलं नाही, म्हणून महिनाभर काही दिसलंच नाही.

डिसेंबरात रात्री दोनला लाईट गेली. यूपीएसची बॅटरी मेलेलीच होती. मशीन परत चालू झालं तेव्हा ५४३२ वर हक्क सांगणारे दोघं, आणि आधी उठला तो बेटा. ११ ला पोर्ट मोकळा मिळाला नाही, तो गप बसला. काट्यावरच्या सॉफ्टवेअरला काय कळणार? डेटाबेसचं नाव तेच, युजर तोच, पासवर्ड तोच. एरर नाही, काही नाही.

लाईट जायच्या आधी भरलेल्या गाड्यांची वजनं खऱ्या डेटाबेसमध्ये. गव्हाणीवर ऊस टाकून त्या रिकाम्या परत आल्या तर नोंदच सापडेना. रात्रपाळीच्या पोराला वाटलं लाईटनं गेली असेल, त्यानं अंदाजानं नव्या नोंदी केल्या. सकाळी एक मुकादम दोन पावत्या घेऊन ऑफिसात आला, दोन्हींवर नंबर ४१२. एक नोव्हेंबरातली, एक रात्रीची. खरा नंबर तेव्हा अठरा हजारांच्या वर गेला होता. साडेपाच तासांच्या पावत्या हातानं भराव्या लागल्या आणि वजनावरून जे वाद झाले ते वेगळेच.

यात पोस्टग्रेसची काडीची चूक नाही. दावणी वेगळ्या होत्या हो, पण रात्री वैरण टाकायला येणाऱ्याला दोन्ही बैल सारखेच दिसत होते.

काटेवाला

@गोदाकाठ दादा, किस्सा जबरी आहे, पण हे बेटामुळं झालं का? शेजारी फायनल १४ असतं तरी हेच झालं असतं. तुमची तक्रार कॉन्फिग चिकटवणाऱ्यावर आहे.

गोदाकाठ

फायनल बसवलं असतं तर लोकांनी ते वापरायलाच घेतलं असतं आणि ११ बंद केलं असतं. बेटा नुसता पडून राहतो. पाहुणा महिनाभर राहिला की तो पाहुणा आहे हेच घर विसरतं.

परभणीकरीण

मी काटेवाल्यांच्या बाजूनं. मंडळी, तपासायला वेळ मिळत नाही म्हणून आपण वर्षानुवर्षं जुन्यावर बसतो, मग एक दिवस सगळं एकदम अंगावर येतं.

मी गेल्या आठवड्यातच १८ बेटा माझ्या लॅपटॉपवर १३ शेजारी टाकून पीजी_अपग्रेडची (जुन्या आवृत्तीचा डेटा नव्या आवृत्तीत नेणाऱ्या साधनाची) तालीम केली. पहिल्याच तपासणीला अडलं. १८ मध्ये नवा क्लस्टर (एका सर्व्हरखालचा सगळा डेटा) बनवताना डेटा चेकसम (डिस्कवरचा डेटा बिघडला का ते पकडणारे आकडे) आपोआप चालू होतात, आपले जुने क्लस्टर बहुतेक चेकसमशिवायचे. दोन्हीकडं सारखं नसेल तर पीजी_अपग्रेड पुढंच सरकत नाही. मग एक तर नवा क्लस्टर चेकसम बंद ठेवून बनवा, नाही तर जुना सर्व्हर थांबवून पीजी_चेकसम्सनं त्याच्यावर चालू करून घ्या. डेटा मोठा असेल तर याला वेळ लागतो, कारण ते प्रत्येक पान वाचून लिहितं. हे मला जूनमध्ये चहा पीत कळलं. नोव्हेंबरात रात्री बाराला कळलं असतं तर?

दुसरं चांगलं म्हणजे १८ चं पीजी_अपग्रेड प्लॅनरची (क्वेरी कोणत्या मार्गानं चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारीही सोबत आणतं. आधी अपग्रेड झालं की अॅनालाइझ (ही आकडेवारी नव्यानं गोळा करणं) पूर्ण होईपर्यंत क्वेऱ्या रांगत चालायच्या, ते बरंच कमी होईल.

बालाघाट

ताई, तुम्ही लॅपटॉपवर केलं. काटेवाले चालू सर्व्हरवर करायचं म्हणतायत. तुमच्या अनुभवानं त्यांची बाजू कशी बळकट होते?

परभणीकरीण

डेटा खरा पाहिजे, मशीनही खऱ्यासारखं पाहिजे. माझ्या एसएसडीवर जे उडतं ते त्यांच्या जुन्या डिस्कवर रडेल. १८ मध्ये डिस्क वाचायची नवी असिंक्रोनस (एक वाचन संपायची वाट न बघता पुढचं सुरू करणारी) पद्धत आहे, तिचा फायदा होतो की नाही ते त्याच डिस्कवर कळेल.

जुनं ते सोनं

वय ५४, ओरॅकल ७ पासून बघतोय. बेटामध्ये दिसतं ते फायनलमध्ये मिळतंच असं नाही. २०२२ साली १५ च्या बेटामध्ये एसक्यूएल-जेसनची (जेसन स्वरूपातला डेटा क्वेरीतून हाताळणारी) नवी फंक्शनं आली, लोक खूश, आमच्या एका पोरानं त्यावर रिपोर्ट लिहून पण टाकले. बेटा ४ येईस्तोवर त्यांनी सगळं काढून टाकलं. त्यातलं जेसन_टेबल शेवटी १७ मध्ये मिळालं, दोन वर्षांनी. पोरगा तोवर पुण्याला नोकरीला गेला, रिपोर्ट मी परत लिहिले.

आणि बेटा १ वरून बेटा २ वर जाताना आतला कॅटलॉग (पोस्टग्रेसची स्वतःची नोंदवही) बदलला असेल तर नवा सर्व्हर जुना क्लस्टर उघडतच नाही. परत डंप, परत रिस्टोअर. तुम्ही "शेजारी ठेवून तपासत राहीन" म्हणता, ते दर वेळी पहिल्यापासून रांगोळी काढणं आहे. १७ घ्या आणि झोपा. त्याचा सपोर्ट २०२९ च्या नोव्हेंबरपर्यंत आहे.

काटेवाला

काका, १७ चा विचार केला होता. १८ ला थांबायचं एकच कारण सांगतो, पटतं का बघा.

आमच्या वजन टेबलावर इंडेक्स (नोंद पटकन शोधायची सूची) आहे (हंगाम, सभासद क्रमांक) असा. हंगामात सगळं हंगामानुसारच लागतं, म्हणून तो तसा. पण उन्हाळ्यात शेतकरी येतो, बँकेच्या कर्जासाठी त्याला सगळ्या वर्षांचा ऊस एका कागदावर पाहिजे असतो. क्वेरीत फक्त सभासद क्रमांक, हंगाम नाही. १३ हा इंडेक्स असून नसल्यासारखा करतं आणि सगळं टेबल चाळत बसतं. शेतकरी खिडकीत उभा, वर पंखा बंद. १८ मध्ये स्किप स्कॅन आलाय. पहिल्या कॉलममध्ये मोजक्याच किमती असतील, आमचे हंगाम तेरा-चौदा, तर तो एकेक हंगाम घेऊन त्यात सभासद शोधतो. घरच्या मशीनवर करून बघितलं, कागद लगेच निघतो.

मोंढ्यातला

त्यासाठी दुसरा इंडेक्स टाका की वो, फक्त सभासद क्रमांकावर. पाच मिनिटांचं काम. त्यासाठी बेटा?

काटेवाला

टाकला होता. हंगामात एकाच वेळी अनेक काट्यांवरून नोंदी येतात, प्रत्येक इंडेक्सचं ओझं लिहिताना पडतं. पण तुमचं खरंय, तेवढ्यासाठी बेटा नको. हे कारण मी जरा फुगवूनच सांगितलं.

मोंढ्यातला

मी पतसंस्थांचं काम करतो, एसक्यूएल सर्व्हरवर. तिकडं शेजारी बसवायची सोय आहे, नावाचे इन्स्टन्स म्हणतात. पण काही सामायिक भाग दोघांचे एकच असतात आणि ते नव्या आवृत्तीचे होतात. नवं काढलं तरी मागं काय राहिलं हे शोधत बसावं लागतं. आणि बॅकअप एकदा नव्यात उघडला की जुन्यात परत नेता येत नाही. ही बाब पोस्टग्रेसवाल्यांनी हसण्यावारी नेऊ नये, तुमच्याकडंही सामायिक लायब्ररी आहेच.

गोदाकाठ

आहे. लिबपीक्यू, बाकीची सॉफ्टवेअरं जिच्यामार्फत पोस्टग्रेसशी बोलतात ती. मशीनवर ती एकच असते, १३ असो की १८. बेटाच्या रेपॉझिटरीतून ती ओढली गेली तर काट्याचं सॉफ्टवेअर, बिलाचं सॉफ्टवेअर, सगळे बेटाची लायब्ररी वापरायला लागतात. जुन्याशी ती जुळवून घेते, पण "जुन्याला धक्का नाही" हे वाक्य तिथंच लटकं पडतं.

परभणीकरीण

पिन करून (जुनीच आवृत्ती पक्की करून) ठेवता येते. इतकं घाबरायचं तर शेतात विहीर पण खणू नका.

विषय थोडा सोडून, पण सांगतेच. ऊस नोंदीच्या यादीत क्षीरसागर "क" मध्ये येतात की शेवटी? आपली वर्णमाला ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. मशीनच्या नेहमीच्या क्रमानं गेलं तर क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये घुसतो. पोस्टग्रेसमध्ये मराठीचं आयसीयू कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचे नियम) आहे, ते बरोबर लावतं. नव्या आवृत्तीत, नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर हा क्रम हलला तर इंडेक्सही बिघडतो आणि यादीत असलेलं नाव शोधून सापडत नाही. हे अमेरिकेतला कुणी तपासणार आहे का? बेटा असतो तो याच्यासाठी. आपणच बसवला नाही तर कोण बसवणार?

जुनं ते सोनं

बसवा की, कोण नको म्हणतंय. सर्व्हरवर नको.

बालाघाट

काटेवाले, एक सरळ प्रश्न. डेटा किती, डिस्कवर जागा किती उरलीय?

काटेवाला

डेटा ६० जीबीच्या आसपास. मोकळी जागा ७०.

बालाघाट

म्हणजे कॉपी एकदा केली की १० जीबी उरतात. मग अपग्रेडची तालीम कशी करणार? तिला आणखी एक कॉपी लागते.

काटेवाला

लिंक मोडनं करावं म्हणत होतो. त्याला जागा लागत नाही.

बालाघाट

हेच ऐकायचं होतं. लिंक मोडमध्ये पीजी_अपग्रेड फायली कॉपी करत नाही, त्याच फायलींना दुसरं नाव देतं. नवा सर्व्हर एकदा चालू झाला की जुना सुरक्षितपणे चालू करता येत नाही, असं त्यांच्या कागदपत्रांतच लिहिलंय. ते तुम्ही रात्री जागा संपली म्हणून खऱ्या १३ च्या डिरेक्टरीवर चालवणार. मुद्दाम नाही, आदल्या कमांडवर वरचा बाण दाबून. आणि तुमच्या हातात १३ चा खरा डेटा बेटाच्या ताब्यात गेलेला. बेटाचा डेटा फायनलमध्ये नेता येईलच याची हमी कुणी देत नाही.

दावणी वेगळ्या आहेत म्हणालात ना? लिंक मोडमध्ये दावणही एक आणि बैलही एकच.

काटेवाला

...

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खोटं का बोलू, ती कमांड मी वहीत लिहूनही ठेवली होती, मार्ग १३ चाच होता.

परभणीकरीण

ओके, हे मी पण मान्य करते. पण लिंकशिवाय, जागा असेल तर शेजारी बसवायला माझी अजून हरकत नाही. फक्त कॉपीचं नाव बदला, पासवर्ड बदला. काट्याच्या सॉफ्टवेअरला बेटामध्ये शिरताच आलं नाही पाहिजे. गोदाकाठ यांच्या किस्स्यात पासवर्ड वेगळा असता तर दोन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला असता.

गोदाकाठ

फोन कुणी उचलला असता ते वेगळं. माझं उत्तर अजून नाहीच आहे.

जुनं ते सोनं

दादा, स्टोअरमध्ये जुने डेस्कटॉप पडलेले असतील. प्रत्येक कारखान्यात असतात, धुळीत.

काटेवाला

आहे एक. सकाळी जाऊन बघून आलो. आय३, ४ जीबी, पण हार्ड डिस्क ५०० जीबीची आहे आणि चालते. त्यावर १३ आणि १८ बेटा दोन्ही टाकतो, शेजारी शेजारीच (माझी हौस पण भागते), रविवारचा डंप नेऊन. सर्व्हरवर सध्या काहीच बसवत नाही. फायनलला उशीर झाला किंवा काही निघालं तर १५ ऑक्टोबरला १७, एवढं पार्टनरशी ठरलंय. डेस्कटॉपला नेटवर्कची केबल लावायचीच नाही म्हणतो तो, डंप पेन ड्राइव्हनं न्यायचा.

कुणाकडं डीडीआर३ ची ४ किंवा ८ जीबीची रॅम पडून असेल तर सांगा. लातूर, औसा, अंबाजोगाई कुठूनही येऊन घेऊन जाईन.

मोंढ्यातला

४ ची आहे एक. परभणीला यावं लागंल. येताना चिवडा आणा.