'करलं' ते 'केलं'
कुणीतरी लिहिलंय की मुलं बघता बघता मोठी होतात आणि फोटो काढायचे राहूनच जातात. पटलं, पण मला वाटतं फोटोपेक्षा बोलणं जास्त लवकर हातातून निसटतं. उंची तरी दारामागच्या पेन्सिलच्या खुणांवरून कळते.

माझी लेक अडीच वर्षांची असताना नीट 'मी केलं' म्हणायची, आमचं ऐकून ऐकून. तिसऱ्या वर्षी अचानक 'मी करलं, मी जाली' सुरू झालं आणि मला वाटलं हे काय, पुढे जायच्या ऐवजी मागे चालली की काय ही! मग लक्षात आलं, भरणे-भरलं, धरणे-धरलं, तसंच करणे-करलं. घरात कुणीच 'करलं' म्हणत नाही, म्हणजे हा नियम तिने एकटीने शोधून काढलेला, त्या एवढ्याशा डोक्यात! इतका आनंद झाला ना मला त्या दिवशी, ती पहिल्यांदा चालली तेव्हाही एवढा झाला नव्हता. (बहुतेक मुलं या टप्प्यातून जातात, काळजीचं काही नसतं, उगाच दुरुस्त करत बसू नका.) साताठ महिन्यांत ती आपोआप परत 'केलं'वर आली. नशीब, मधल्या काळातलं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलंय, परवा तिलाच ऐकवलं तर म्हणते, ही कोण बोलतेय?