शब्दचर्चा : 'स्टडी'ला मराठीत काय म्हणायचं?

फिकट पेन्सिल
चित्रकलेवरच्या एका पुस्तकाचं भाषांतर करते आहे. प्रकरणाचं नाव 'कलाप्रकार आणि त्यांच्या अभ्यासपद्धती'. इथवर बरं चाललं होतं. मग आले जर्मन चित्रकार ड्यूररचे जोडलेले हात. निळा कागद, कुंचल्याने करड्या शाईतलं काम, उजेड पडतो तिथे पांढऱ्याच्या बारीक रेघा. १५०८ सालचं. एका मोठ्या वेदीचित्राच्या (चर्चमधल्या वेदीवर लावायच्या चित्राच्या) तयारीत केलेलं मानतात, म्हणून इंग्रजीत त्याला 'स्टडी' म्हणतात. मी लिहिलं 'हातांचा अभ्यास'. संपादकांनी समासात शेरा मारला, "हस्तसामुद्रिक?"
'कच्चं चित्र' म्हणवत नाही, कारण त्यात कच्चं काहीच नाही. मनगटाशी दुमडलेल्या बाहीची घडीसुद्धा सोडलेली नाही त्याने. काय लिहू?

जुनी वही
अभ्यासचित्र. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द चित्रकलेच्या तासाला वापरतच आलो की आपण. त्याच चालीवर. मिटला प्रश्न.

अनुस्वार
मिटला कसा? 'अभ्यासचित्र' म्हटल्यावर मला अभ्यासपुस्तिका आठवते, म्हणजे विद्यार्थ्याने बघून गिरवायचं चित्र. इथे तर गुरूच गिरवतोय!
मुळात 'अभ्यास' हा शब्द आपण बिघडवून ठेवलाय. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. पाणिनीच्या व्याकरणात धातूचं द्वित्व झालं की त्यातल्या पहिल्या तुकड्याला 'अभ्यास' म्हणतात. 'ददाति'मधला पहिला 'द' म्हणजे अभ्यास. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात अभ्यासाला काहीच दुष्कर नाही असं म्हटलंय, ते पुस्तकं वाचण्याबद्दल नव्हे. कलेचा अभ्यास म्हणजे कला करत राहणं. कलेविषयी वाचणं, विचार करणं हे अध्ययन. पुस्तकाच्या प्रकरणाचं नाव 'अध्ययनपद्धती' करा, म्हणजे 'अभ्यास' हातांसाठी मोकळा होईल.

ढोबळ
अनुस्वार, तुमचा पाणिनी शिरसावंद्य, पण आज मराठीत 'अभ्यासक' कोणाला म्हणतात ते बघा. जो स्वतः करत नाही तो अभ्यासक! गाण्याचा अभ्यासक गात नाही, चित्रांचा अभ्यासक काढत नाही. माझा एक मित्र नृत्याचा गाढा अभ्यासक आहे. त्याला नाचायला ओढलं तर तो भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि पदन्यासाचं व्याकरण सांगतो. लोकांनी अर्थ बदलला, विषय संपला. शब्द काय धातूंची यादी खिशात घालून फिरतात?

अनुस्वार
लोकांनी बदलला की शाळांनी? 'अभ्यास झाला का?' असं घरात विचारतात तेव्हा पाढे पुन्हा म्हटले का, हेच विचारायचं असतं. तिथे जुना अर्थ शिल्लक आहे.

मंद्र
गाण्याकडे या. आमच्याकडे 'रियाज' आहे. रियाज म्हणजे अरबीत बागा. रोज पाणी घालायचं, तण काढायचं, तसा गळा. इतका देखणा शब्द हाताशी असताना अभ्यास-सरावाचा घोळ कशाला?

काठावर
बागेची कल्पना गोड आहे, पण 'रियाज'ला सरावाचा अर्थ आला तो घोडा वठणीवर आणण्याच्या अरबी क्रियापदातून. बागेचा आणि त्याचा धातू एकच, हे खरं. तरी माझा स्वतःचा गळा आठवला की मला घोडाच पटतो.
त्याहून गंमत 'तालीम'ची. मुळात शिकवणं, 'इल्म'च्या (ज्ञान) धातूतून आलेला शब्द. मराठीत तो तिघांनी तीन बाजूंना ओढला. गाण्यात तालीम गुरूकडून मिळते आणि रियाज आपला आपण करायचा. नाटकात तालीम सगळ्यांनी मिळून करायची. आणि कुस्तीत तालीम म्हणजे जागा, तिथे जायचं. एकच शब्द मिळतो, होतो आणि दार उघडून आतही घेतो. 'कलाप्रकार आणि अभ्यासपद्धती' हे प्रकरण या एका शब्दावर लिहिता येईल.

फिकट पेन्सिल
हे सगळं वाचायला मजा येतेय, पण 'हातांचा रियाज' लिहिलं तर संपादक या वेळी तबला काढतील.

मंद्र
संगीतातही तुमचीच अडचण आहे की! फ्रेंच 'एत्यूद' म्हणजे शब्दशः अभ्यास. बोटांना एकेका अडचणीची सवय व्हावी म्हणून रचलेल्या या चिजा. पियानोसाठी लिहिणाऱ्या शोपँ या संगीतकाराच्या बारा एत्यूदांचा पहिला संच १८३३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे ते भर मैफलीत वाजू लागले. मी एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत त्यांना 'पलटे' म्हटलं होतं, म्हणजे गळा तयार करायला घोकायच्या स्वरांच्या ओळी. कार्यक्रमानंतर एक पियानोवादक बाई गाठ घेऊन म्हणाल्या, "तुम्ही पलटे ऐकवायला तिकीट लावता का?" तेव्हापासून एत्यूदला एत्यूदच म्हणतो.

जुनी वही
म्हणजे 'स्टडी'ला 'स्टडी'च म्हणा, असंच ना? मग हा धागा कशाला काढला?

अनुस्वार
परकीय शब्दाला शरण जायचं हे ठरवूनच बसलेत सगळे. उद्या 'कलाप्रकार' ऐवजी 'आर्टफॉर्म' लिहाल. तसंही बरेच जण 'दृककला' लिहितात. दृश् + कला = दृक्कला. जोडाक्षर काय पैसे मागतं?

ढोबळ
'दृश्यकला' लिहा, संधीच टळते.

अनुस्वार
टळते! अर्थही टळतो. दृश्य म्हणजे जे दिसतं ते.

काठावर
शुद्धतेवरून आठवलं. मीही एकदा शब्दाला शब्द लावत गेलो होतो. मजकुरात 'प्लास्टिक आर्ट्स' होतं. मी बिनधास्त 'प्लास्टिकच्या कलावस्तू' लिहून मोकळा झालो. छापूनही आलं. त्या 'प्लास्टिक'चा संबंध ग्रीकमधल्या आकार देण्याच्या क्रियेशी, म्हणजे शिल्प, मृत्तिकाकाम वगैरे. 'रूपंकर कला' हा शब्द तयार होता, मलाच ठाऊक नव्हता. त्या पानावर खाली संगमरवरी पुतळ्याचा फोटो होता.

जुनी वही
😂 संगमरवरी प्लास्टिक!
पण कला म्हणजे काय ते ठरल्याशिवाय प्रकार कसे ठरणार? वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत गीत, वाद्य, नृत्य, आलेख्य (चित्र) आहेतच, शिवाय मेंढे-कोंबडे-लाव्यांच्या झुंजी आणि पोपट-मैनांना बोलायला शिकवणंही आहे. कौशल्य आहे ना, मग कला. 'ललित' कलांचा वेगळा सोवळा गट युरोपात फार उशिरा पक्का झाला. फ्रान्समध्ये बात्यो या लेखकाने १७४६ साली संगीत, काव्य, चित्र, शिल्प, नृत्य असे पाच मोजले. आपण तो गट उचलला आणि बाकीच्यांना 'कारागिरी' म्हणून ओसरीवर बसवलं.

ढोबळ
पोपट बोलवण्याच्या कलेचा अभ्यासक बोलतो का, की पोपटच?

काठावर
अभ्यासपद्धतीबद्दल विष्णुधर्मोत्तर पुराणात एक फर्मास संवाद आहे. वज्र राजा मार्कंडेयाकडे मूर्ती घडवण्याचं शास्त्र मागतो. ऋषी म्हणतात, आधी चित्र यायला हवं. बरं, चित्र शिकवा. त्याआधी नृत्य हवं. नृत्याआधी वाद्य. वाद्याआधी गीत. दगड फोडायला आलेला माणूस शेवटी सा लावत बसला. एका कलेत शिरायला दुसरीचं दार, ही अभ्यासपद्धती 'अध्ययन' शब्दात मावते का, अनुस्वार?

अनुस्वार
मावते. गीतही अध्ययनानेच येतं.

मंद्र
कुणाला आलंय? 😀

फिकट पेन्सिल
थोडं थांबा. 'पूर्वचित्र' कसं वाटतं? मलाच सुचलं होतं, मग मीच खोडलं. त्या वेदीचित्राचा मधला फलक १७२९ साली म्युनिकच्या आगीत जळून गेला. आता त्याची नक्कल तेवढी उरली आहे. ज्याच्या 'पूर्वी' म्हणायचं ते मूळ चित्रच राहिलं नाही. तयारीचा कागद मात्र व्हिएन्नात सुखरूप आहे आणि जग त्यालाच चित्र म्हणून ओळखतं. 'सरावचित्र' तर मुळीच नको. हा माणूस हात बसवत नव्हता, बघत होता. बोटाच्या पेरावर कातडी कुठे ताणते, नखाच्या कडेला उजेड कुठे थांबतो, हे काढता काढता कळत होतं. 'स्टडी'मध्ये करणं आणि कळणं एकत्र आहे. ते मला एका मराठी शब्दात हवंय.

जुनी वही
मग तो 'अभ्यास'च झाला की. जुनाही आणि नवाही.

अनुस्वार
मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

ढोबळ
तुम्ही 'अध्ययन' म्हणत होता.

अनुस्वार
प्रकरणाच्या नावासाठी. नीट वाचा.

मंद्र
'निरीक्षणचित्र'?

जुनी वही
पंचनाम्याला जोडतात तसलं वाटतं.

हलन्त
आत्ताच आलो, सगळं वाचलेलं नाही. 'दृक्कला'च बरोबर आहे, पण 'रूपंकर'मधला अनुस्वार मला खटकतो. रूपकार चालत नाही का? आणि वरती हातांचं काय चाललंय? कोणाचे हात?