विषय: खान्देश माजी विद्यार्थी संघ – मेळाव्याआधी थोडं काम

नाना (मूळ धुळं, हल्ली म्युनिक, सध्या सुट्टीवर जळगावात)

बठ्ठासले राम राम.

संक्रांतीच्या मेळाव्यात 'खान्देश माजी विद्यार्थी संघ' स्थापन करायचा, कार्यकारिणी निवडायची, बॅनर छापायचा, असा ठराव वाचला. बॅनरला माझी ना नाही. पण इथे आल्यापासून जे बघतोय ते आधी सांगतो, मग ठरवा.

पुतणी केमिकल इंजिनिअर झाली, तिला मास्टर्सला जर्मनीला यायचंय. तिच्याबरोबर ट्रान्सक्रिप्टच्या (सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्रित दाखला) कामाला विद्यापीठात गेलो, तिथून तिने फी भरलेल्या एका कन्सल्टन्सीत. (नाव लिहीत नाही, उगाच भानगड नको.) तिथल्या माणसाने सांगितलं की एपीएस प्रमाणपत्र (आपले शिक्षणाचे कागद खरे असल्याचा जर्मनीसाठीचा दाखला) आणि ब्लॉक्ड अकाउंट (राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीकच रक्कम निघते) दोन्ही 'आमच्यामार्फतच' होतं. साफ खोटं. एपीएस नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं झालं, फी १८,००० रुपये, अर्ज पोरं स्वतः करतात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, तेही घरबसल्या उघडता येतं.

त्याने काढून दिलेली विद्यापीठांची यादी तर बघण्यासारखी होती. पाचही ठिकाणी जर्मन ग्रेड २.५ किंवा त्याहून चांगली हवी (तिकडे आकडा जितका लहान तितकी ग्रेड चांगली). पोरीला ६८ टक्के. बाहेर चहाच्या टपरीवर त्याच्याच पावतीच्या मागे हिशेब मांडला: शंभरातून ६८ गेले, राहिले ३२. पास होण्याची मर्यादा ४० धरली तर भागायचं ६० ने, गुणायचं ३ ने, त्यात १ मिळवायचा. उत्तर २.६. म्हणजे पाचही अर्ज दारातूनच परत. सत्तर टक्के असते तर बरोब्बर २.५ आली असती. एवढं गणित त्या माणसाला येत नसेल असं मला वाटत नाही. फी परत मिळत नाही हे मात्र पावतीवर ठळक छापलंय.

'जर्मनीत शिक्षण फुकट' हेही अर्धवटच सांगतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्या पोरांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि आमच्या टीयू म्युनिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून नवीन परदेशी विद्यार्थ्यांना हजारोंत फी लावली.

माझं म्हणणं एवढंच: अध्यक्ष-उपाध्यक्ष राहू द्या. आधी कोण कुठे आहे, काय शिकलं, आणि कुणाचा फोन उचलायला तयार आहे, त्याची यादी करू.

---

अक्का (अमळनेर, आता टोरोंटो)

नाना, तुमचं पटलं, पण मेळाव्यावर राग नका काढू. माणसं भेटली नाहीत तर यादी तरी कुठून होणार?

दुसरं. ठरावात 'विद्यापीठाचे माजी विद्यार्थी' असं लिहिलंय, ते बदला. मी प्रताप कॉलेजची, पदवी १९८७ ची, म्हणजे कागदावर पुणे विद्यापीठाची. जळगावचं विद्यापीठ झालं १९९० मध्ये. मग आम्ही काय मंडपाबाहेर उभं राहायचं?

कॅनडाबद्दल मी बोलेन. पण पोरांशी नाही, आधी त्यांच्या आईवडिलांशी. आमच्याकडे अजून शेत गहाण टाकून पोराला पाठवतात, कारण शेजारच्याचा पोरगा २०१८ ला गेला आणि त्याचं छान झालं. ते दिवस गेले, बापू! झटपट व्हिसाची एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. बँकेत दाखवायची रक्कम आधी १०,००० कॅनेडियन डॉलर होती, २०२४ च्या जानेवारीत २०,६३५ झाली आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून २२,८९५. फी वेगळी. सत्र चालू असताना कॉलेजबाहेरचं काम आठवड्याला २४ तासच. त्यात इथलं भाडं निघालं तरी खूप. हे कुणी घरात बसून समजावत नाही, एजंट तर नाहीच नाही.

---

भाऊ (भुसावळ, दुबई)

अक्का, नाना, नमस्कार. आखाताचं माझ्याकडे द्या.

इथे नोकरीला येणाऱ्याने पदवीचं मूळ प्रमाणपत्र आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग यूएईच्या वकिलातीतून प्रमाणित करून आणायचं, आणि इथे आल्यावर पुन्हा इथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं तो एकच शिक्का) इथे चालत नाही. गेल्या वर्षी एक पोरगा अपोस्टिल करून आला, जॉइनिंग दोन महिने लटकलं.

नावाचा घोळ याहून मोठा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा आणि आईचं नाव त्या ओळीत नाहीच. इथला एचआरवाला विचारतो, हे दोन वेगळे लोक का? त्यात विद्यापीठाचंही नाव बदललेलं: जुन्या पदवीवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, वेबसाइटवर २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव. बहिणाबाईंचं नाव लागलं याचा आनंदच आहे, पण त्या एचआरवाल्याला असोद्याची माहेरवाशीण कुठून ठाऊक असणार! नामांतराचं पत्र आणि नावाचं प्रतिज्ञापत्र निघण्याआधीच फाइलला लावून ठेवा. गाव सोडल्यावर प्रत्येक कागदासाठी कुणाला तरी जळगावला पिटाळावं लागतं.

---

बारक्या (रावेर, सिंगापूर)

सगळ्यांना अनुमोदन. यादी मी एक्सेलमध्ये करतो. फक्त मेळाव्यात भरीत आहे की नाही एवढं सांगा. मागल्या वेळी काळी जांभळी वांगी ओव्हनमध्ये भाजून त्याला भरीत म्हटलं होतं, ते मी अजून विसरलो नाही.

---

नाना

बारक्या, हिरवी वांगी इथून आणली तर कस्टमवाले मलाच भाजतील. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणतो, बाकी तू बघ.

अक्का, ठरावात 'खान्देशात शिकलेले' असं करू: जळगाव, धुळे, नंदुरबार, पदवी कुठल्याही विद्यापीठाची असो. आयटीआय आणि डिप्लोमावालेही धरा, जर्मनीत त्यांनाही मागणी आहे.

पहिला ऑनलाइन कॉल येत्या रविवारी, भारतात संध्याकाळी साडेसात. दुबईत सहा, म्युनिकमध्ये दुपारचे तीन, टोरोंटोत सकाळचे नऊ. सिंगापूरला रात्रीचे दहा, बारक्या जागाच असतो. पुतणी तिच्या वर्गातल्या पोरींना घेऊन बसणार आहे, अक्का म्हणतात तसे आईवडीलही बोलावलेत. सिडनी-मेलबर्नवाल्यांना तेव्हा रात्रीचा एक वाजतो, त्यांनी आपली सोयीची वेळ या मेलला उत्तर देऊन कळवावी.