कोळशावरचा उपकर काढला, ही चूक नाही का?

चेंबूरवासी :
२२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा टनामागे ४०० रुपयांचा उपकर गेला आणि जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. साबण-शॅम्पू स्वस्त झाल्याच्या गडबडीत ही बातमी कुणी नीट वाचली नाही. मला ती उत्सर्जन कमी करण्याच्या केंद्राच्या धोरणातली मोठी चूक वाटते.

हा उपकर २०१० साली टनाला ५० रुपये असा सुरू झाला आणि २०१६ पर्यंत ४०० वर गेला. त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभा करायचा होता. २०१७ ला जीएसटी आला आणि ते पैसे जीएसटीमुळे राज्यांचं जे उत्पन्न बुडालं त्याच्या भरपाईकडे वळले. तरीही एक गोष्ट चांगली होती. कर वजनावर होता. हलक्या प्रतीचा, जास्त राखेचा कोळसा कितीही स्वस्त असला तरी त्याला टनामागे तेवढेच पैसे पडायचे.

आता कर किमतीवर आहे. १,५०० रुपये टनाचा कोळसा धरा. आधी ७५ अधिक ४०० म्हणजे ४७५ रुपये कर पडायचा, आता २७० पडतो. म्हणजे एका युनिट विजेला जो कोळसा जास्त जाळावा लागतो, त्याच्यावरचाच कर उतरला. माझ्या खिडकीतून ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राची चिमणी दिसते, म्हणून हा विषय माझ्यासाठी कागदावरचा नाही.

माहेर_चंद्रपूर :
तुम्हाला एक चिमणी दिसते, आमचं अख्खं गाव चिमण्यांखाली वाढलं. २,९२० मेगावॉटचं केंद्र आहे तिथे. वडील वेकोलिच्या, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीच्या खाणीत होते. धूळ काय असते ते मला सांगू नका.

पण अर्धाच हिशेब मांडलात. ८,००० रुपये टनाच्या आयात कोळशावर आधी ८०० रुपये पडायचे, आता १,४४० पडतात. ते का लिहिलं नाहीत? आणि विजेवर जीएसटी नाही, म्हणून वीजकंपनीला कोळशावर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही. तो सरळ बिलात येतो. तुमचा उपकर शेवटी भांडुपच्या चाळीतली बाई भरते.

भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत १४ च्या आसपास. आधी कुणी आवरायचं हे उघड आहे.

चेंबूरवासी :
आयात कोळशाचा मुद्दा मान्य, मी तो लिहायला हवा होता. पण त्यात टनामागे उष्णताही जास्त असते. म्हणजे ओझं जास्त उष्णतेच्या कोळशाकडे गेलं आणि कमी उष्णतेचा सुटला. माझी तक्रार तीच आहे.

हिशेबनीस :
मी सिमेंट कारखान्यांचे ऊर्जालेखे तपासतो. माझ्या मते दोघंही जुन्या हत्यारावर भांडताय. २०२२ ला ऊर्जा संवर्धन कायदा बदलला, २०२३ ला कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. सिमेंट, ॲल्युमिनियम अशा उद्योगांना आता तयार मालाच्या टनामागे किती उत्सर्जन चालेल याचं बंधन आहे. कमी केलं तर क्रेडिट विकायचं, जास्त झालं तर विकत घ्यायचं. युरोपनेही १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या काही मालावर सीमेवर कार्बनचा आकार लावलाय. इथे भरलेली किंमत तिथे वजा होते. मग तो पैसा आपल्या तिजोरीत का नको?

चेंबूरवासी :
त्या यादीत वीजनिर्मिती नाही! सगळ्यात मोठी भट्टी बाहेर ठेवून उरलेल्यांवर बंधन. शिवाय बंधन टनामागे आहे, एकूण उत्सर्जनावर नाही. देशाचं उद्दिष्टही तसंच : २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत जीडीपीच्या एककामागे ४५ टक्के घट. जीडीपी वाढत गेला की आकडा सुधारतो आणि धूर मात्र वाढतो.

जुलै २०२५ मध्ये विजेची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) झाल्याचं जाहीर झालं, तेही ठरल्यापेक्षा पाच वर्षं आधी. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. विजेतला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा अजून कोळशाचा आहे.

गच्चीवाले मुलुंड :
घरावर सौर लावा, हे मुंबईला सांगणाऱ्यांनी आमची गच्ची पाहावी. ६४ फ्लॅट. टाक्या आणि मोबाइल टॉवर वगळून जेमतेम २५० चौरस मीटर मोकळी. एका किलोवॉटला दहा चौरस मीटर लागतात, म्हणजे २५ किलोवॉट. त्यातून दिवसाला सरासरी १०० युनिट. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे भागले. सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात, म्हणजे साडेचार लाख. आम्ही घेतले आणि समाधानी आहोत. पण घरातलं मीटर तसंच फिरतं. या शहराची वीज बाहेरूनच यायची. १९१५ पासून ती खोपोलीच्या पाण्यावर येत होती, आज कशावर येते हे दिल्लीतच ठरणार.

माहेर_चंद्रपूर :
शहराची वीज म्हणता, मग लोकलचंही बोला. रेल्वेच्या मालवाहतुकीत जवळपास निम्मं वजन कोळशाचं असतं आणि मालवाहतुकीच्या पैशातून प्रवासी भाडं स्वस्त ठेवलं जातं. कोळसा घटला की तुमच्या पासाचं काय, याचं उत्तर कुणी दिलंय? मी कोळशाच्या प्रेमात नाही. माझ्या भावाला दमा आहे. पण खाण बंद झाल्यावर त्या माणसांचं काय, हे कुठल्याच घोषणेत नसतं.

हिशेबनीस :
पासाचा मुद्दा मी आजवर धरलाच नव्हता. कोळशाची वाहतूक एका वर्षात संपणार नाही, पण रेल्वेला दुसरा माल शोधायला आजच लागावं लागेल.

चेंबूरवासी :
ताई, तुमचा प्रश्न मला टाळायचा नाही. उपकर परत आणावा या मतावर मी ठाम आहे, वजनावर आणि ४०० पेक्षा जास्त. फक्त या वेळी पैसा कुठे जाईल हे कायद्यातच लिहिलेलं हवं : एक भाग गरिबांच्या बिलात सवलत म्हणून, दुसरा खाणींच्या जिल्ह्यांना.

माहेर_चंद्रपूर :
२०१० ला पण निधीच म्हटलं होतं ना? चंद्रपूरला त्यातलं काय आलं, ते आधी कुणीतरी दाखवा. तोवर माझा विरोध कायम.