मदत हवी आहे: सदरमधल्या जुन्या कवेलूच्या चर्चचे फोटो

सगळ्यांना नमस्कार, जुन्या नागपूरकरांची मदत पाहिजे. सदरमध्ये आमच्या घरामागं कवेलूचं (कौलारू) छोटं चर्च होतं ते पाडलं, आता तिथं नवीन बिल्डिंग आहे, आणि माझी आजी रोज त्याच्याबद्दल विचारून राहिली. तिचं लग्न तिथंच झालं होतं. मोठी चर्चेस तर सगळ्यांनाच माहीत आहेत, मिशनरी हिस्लॉपसाहेब 1845 ला इथं आले तेव्हापासूनचा इतिहास लोक सांगतात, पण आमच्या या छोट्या चर्चचं कोणी नावच काढत नाही बाप्पा.

मला आठवते ती जाड भिंत. मे महिन्यात बाहेर 45 डिग्री आणि आत कूलर नसताना पण गार, आम्ही पोरं उपासनेला कमी आणि त्या गारव्याला जास्त जायचो, मागच्या बाकावर झोपायचो अन् पाळकसाहेब डोळे वटारायचे.

कोणाकडं नाताळचा, लग्नाचा, कसापण फोटो असेल ज्यात आतली बाजू दिसते, तर प्लीज टाका, ब्लॅक अँड व्हाइट असला तरी चालेल. आणि ती घंटा कुठं गेली? लग्नाचं जुनं रजिस्टर बघायचं असेल तर कोणाला भेटावं लागेल? आजीची साक्षीला कोणकोण होतं ते बघायची फार इच्छा आहे.